मांडीवरचा कागद

विमान चालवायला शिकणाऱ्या मुलामुलींच्या मांडीवर एक कागद बांधलेला असतो. दिशा, वारा, वेळ आणि इंधन यांचा सारा हिशेब त्यावर असतो. हा कागद कुठून आणायचा, कसा निवडायचा आणि साध्या रकान्यांना इतकं महत्त्व का, याची ही गोष्ट.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. जेवणाच्या टेबलावर लेकीनं सगळा पसारा मांडलाय. मोठा नकाशा, कोनमापक, लांब पट्टी, टोक केलेल्या चार पेन्सिली आणि वेगवेगळ्या रकान्यांचे चार कागद. ओटा आवरून आई हात पुसत बाहेर येते आणि तिच्या खांद्यावरून डोकावते.

"काय गं हे? आपल्या वाण्याची खतावणी वाटतेय."

"खतावणीच आहे गं आई. फक्त रुपयांऐवजी मिनिटं आणि लिटर लिहायचे."

"मग चार-चार कशाला? एक घे आणि लिही."

"तेच तर ठरत नाहीये. सर म्हणाले, तुझा तक्ता तूच निवड. वर गेल्यावर तो तुलाच वाचायचाय."

"आणि हिशेब चुकला तर?"

लेक क्षणभर गप्प होते. मग हसून म्हणते, "म्हणून तर पेन्सिलीनं लिहितात."

हा प्रसंग आम्ही कल्पनेनं रंगवलाय. पण धुळे, गोंदिया, बारामती इथं विमानविद्या शिकणाऱ्या कुठल्याही मुलाच्या किंवा मुलीच्या घरी तो घडू शकतो. या शिक्षणासाठी आईबापांनी लाखो रुपयांचं कर्ज काढलेलं असतं. विमानाचे फोटो नातेवाइकांना अभिमानानं दाखवून झालेले असतात. पण ज्या कागदाच्या भरवशावर आपलं पोर एकटं आकाशात जाणार, तो कागद कसा असतो हे घरातल्या कुणीच पाहिलेलं नसतं. म्हणून आज त्याच्याबद्दल.

हा कागद करतो तरी काय?

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना, म्हणजे सीपीएल, मिळवायचा तर आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या खांद्यावर घेऊन करायचे असतात. त्यातही २० तास गावाबाहेरच्या लांब प्रवासाचे. विद्यार्थ्यांच्या भाषेत 'क्रॉस कंट्री'. शिवाय एक मोठी परीक्षाच म्हणावी असा ३०० नॉटिकल मैलांचा, म्हणजे साधारण साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास असतो. त्यात वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून थांबावं लागतं. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. पुढं ते लागणार आहे.

विमानतळाच्या आसपास घिरट्या घालताना धावपट्टी सतत डोळ्यांसमोर असते. क्रॉस कंट्रीला निघालं, की दहा मिनिटांत ती मागं पडते. खाली सगळी शेतं सारखीच दिसतात. वर रस्ता नसतो, पाट्या नसतात आणि टपरीवर थांबून "ओ काका, कन्नड कुठं आलं?" असं विचारायची सोय नसते. अशा वेळी मांडीवरचा कागद सांगतो, की तू आता इथं असायला हवंस, इतक्या मिनिटांनी अमुक गाव दिसेल आणि टाकीत इतकं इंधन उरलेलं असेल.

या कागदाला 'नॅव्हिगेशन लॉग' किंवा नुसतं 'नॅव्ह लॉग' म्हणतात. विमानतळाच्या अधिकाऱ्यांकडे जो 'फ्लाइट प्लॅन' द्यावा लागतो तो वेगळा. त्याचा नमुना ठरलेला असतो, त्यात निवडीला वाव नाही. नॅव्ह लॉग मात्र ज्याचा त्याचा. एखादी गृहिणी हिशेबाची वही आपल्या पद्धतीनं आखते, तसाच.

धुळे ते छत्रपती संभाजीनगर

उदाहरणच घेऊ. समजा, आपल्या या मुलीला धुळ्याहून छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर जायचं आहे. नकाशावर रेघ ओढली, की अंतर भरतं साधारण ७४ नॉटिकल मैल. रेघेची दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणं मोजली, तर १४९ अंश. तक्त्याचे पहिले दोन रकाने भरले.

आता विमान. शिकाऊ विमान हवेत साधारण १०० नॉट वेगानं, म्हणजे तासाला १०० नॉटिकल मैल जातं असं धरू. वारा नसता तर प्रवास ४४ मिनिटांचा. पण वारा असतोच. हवामान खात्याचा अंदाज सांगतो, की वर पश्चिमेकडून, म्हणजे २७० अंशांवरून, २० नॉट वेगाचा वारा आहे. हा वारा उजवीकडून आणि थोडा मागून लागणार. नावेतून नदी ओलांडताना नावाडी जसं नाकाडं प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला वळवून धरतो, तसंच विमानाचं नाक वाऱ्याकडं वळवावं लागतं. किती? गणित सांगतं, १० अंश. म्हणजे नाक १५९ अंशांवर ठेवायचं. तेव्हा कुठं विमान १४९ च्या रेघेवरून जाईल. मागून थोडी मदत होते म्हणून जमिनीवरचा वेग होतो १०९ नॉट आणि वेळ ४१ मिनिटं.

परतीच्या वाटेवर हाच वारा समोरून येतो. वेग ८८ नॉटवर उतरतो आणि वेळ जाते पन्नास मिनिटं. तीच वाट, तेच विमान, तोच वारा, पण नऊ मिनिटांचा फरक! विमान तासाला ३० लिटर पीत असेल, तर जाताना साडेवीस लिटर आणि येताना पंचवीस. "जाताना इतकं लागलं, म्हणजे येतानाही तितकंच लागेल" असा घरगुती अंदाज इथं चालत नाही.

वाऱ्याचा तो १० अंशांचा हिशेब करायचाच राहिला तर? वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा आहे. दिशेत एक अंशाची चूक झाली, तर ६० मैलांवर एक मैलाचं अंतर पडतं. त्या मापानं ७४ मैलांवर चूक होते जवळजवळ १२ मैलांची, म्हणजे वीसेक किलोमीटरची. ४१ मिनिटांनी मुलगी खाली पाहील तेव्हा तिथं ना शहर असेल, ना विमानतळ.

वाटेतल्या खुणा

म्हणून ७४ मैल एका दमात मोजायचे नसतात. वाटेत खुणा धरायच्या. या वाटेवर निसर्गानं आणि रेल्वेनं छान सोय केली आहे. धुळ्याहून चाळीसगावला जाणारा रेल्वेचा फाटा बरीच वाट सोबत करतो. ३२ मैलांवर चाळीसगाव जंक्शन. तिथं मुंबई-भुसावळचा मोठा लोहमार्ग आडवा येतो, तो चुकणं कठीण. तक्त्यात लिहायचं, चाळीसगाव, १८ मिनिटं. चाळीसगाव सोडलं, की खानदेशचं सपाट मैदान संपतं आणि मराठवाड्यात चढणारा घाट लागतो. ४६ मैलांवर कन्नड, २५ मिनिटं. पुढं उजव्या हाताला सहा-सात मैलांवर देवगिरीचा किल्ला दिसायला हवा. तो जर थेट पोटाखाली आला, तर समजायचं की आपण फार उजवीकडं भरकटलो.

या घाटानं तक्त्यातल्या आणखी एका रकान्याची आठवण होते. तो म्हणजे किमान सुरक्षित उंची. चिकलठाण्याची धावपट्टी धुळ्यापेक्षा सुमारे हजार फूट उंचावर आहे आणि मधे डोंगर आहेत. धुळ्याच्या हिशेबानं आरामात असलेली उंची कन्नडच्या घाटात पुरेलच असं नाही. ज्या तक्त्यात हा रकाना नाही, तो मैदानी मुलखातला तक्ता समजावा.

आता खरी गंमत. मुलगी चाळीसगावला १८ ऐवजी २१ मिनिटांनी पोचली. म्हणजे वेग १०९ नाही, ९१ नॉट निघाला. अंदाजातला वारा वर नव्हताच! असंच चाललं, तर चिकलठाणा ४१ नाही, ४९ मिनिटांनी येईल. हे तिला केव्हा कळलं? अठराव्या मिनिटाला खाली पाहिलं आणि जंक्शन दिसलं नाही, तेव्हाच. घाबरायचं कारण नाही, पण हिशेब नव्यानं मांडायला हवा, नवी वेळ रेडिओवरून कळवायला हवी. हे होण्यासाठी तक्त्यात दोन रकाने शेजारी-शेजारी हवेत, 'ठरलेली वेळ' आणि 'प्रत्यक्ष वेळ'. आणि दुसरा रकाना रिकामा हवा, लिहिता येईल इतका रुंद. जाणकार शिक्षक तक्ता हातात घेतात, तेव्हा आधी हाच रकाना पाहतात. भरलेले रकाने जमिनीवरचा अभ्यास दाखवतात. रिकामा रकाना आकाशातलं शहाणपण दाखवतो.

चार नमुने, चार स्वभाव

बाजारात, शाळांत आणि सीनियर विद्यार्थ्यांच्या फायलींत मिळणारे तक्ते ढोबळमानानं चार जातींचे असतात.

पहिला आखूड तक्ता. पाच-सहा रकाने, मोठी अक्षरं. दिशा, अंतर, वेळ, इंधन. वाचायला झकास. पण त्यातली दिशा कुठून आली, वारा किती धरला, हे कागदावर नसतं. आकडा चुकला, तर चूक कुठं झाली ते शोधायला मागचा धागाच नाही. अनुभवी माणसाला तो पुरतो, नवशिक्याला नाही.

दुसरा लांबलचक. वीस-बावीस रकाने. नकाशावरची दिशा, वाऱ्याची दुरुस्ती, खऱ्या उत्तरेचा आणि होकायंत्राच्या उत्तरेचा फरक, होकायंत्राची स्वतःची चूक, असं एक-एक पाऊल मांडत जाणारा. शिकायला हाच उत्तम, कारण गणितातली प्रत्येक पायरी दिसते आणि शिक्षकाला तपासता येते. पण अक्षरं मुंगीएवढी! टेबलावर छान वाटतं. दुपारच्या उन्हात विमान हिंदकळत असताना त्यातला बरोबर आकडा बोटानं शोधणं हे दिव्यच.

तिसरा संगणकातून छापून येणारा. दिशा, वारा, वेळ सगळं यंत्रच भरून देतं. सुबक, स्वच्छ. धोका एवढाच, की विद्यार्थ्यानं एकही आकडा स्वतः काढलेला नसतो. तोंडी परीक्षेत "हे १५९ कुठून आलं?" असं विचारलं, की तारांबळ उडते.

चौथा शाळेचा स्वतःचा. पुष्कळदा जुना, झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पुसट झालेला. पण त्यात एक मोठा गुण असतो. शाळेतल्या प्रत्येक शिक्षकाला तो डोळे मिटून वाचता येतो. उड्डाणाआधी पाच मिनिटांत कुणीही नजर टाकून म्हणू शकतो, "अगं, हा आकडा बघ पुन्हा."

मग निवडायचा कोणता? अनेकांना जमलेली वाट अशी, की जमिनीवर लांबलचक तक्त्यात सगळं गणित करायचं आणि वर नेण्यासाठी त्यातले कामाचे आकडे मोठ्या अक्षरात आखूड तक्त्यावर उतरवायचे. उतरवताना एक आकडा चुकू शकतो, म्हणून दुसऱ्या कुणाकडून ताडून घ्यायचे. आणि शाळेच्या नमुन्यापासून फार दूर जायचं नाही.

एका शून्याची गोष्ट

"रकान्यांचं काय एवढं? आकडा बरोबर असला म्हणजे झालं," असं वाटत असेल, तर ३ सप्टेंबर १९८९ ची हकिगत ऐकायला हवी.

ब्राझीलमध्ये मराबा नावाचं गाव आहे. तिथून उत्तरेकडच्या बेलेम शहराला जाण्यासाठी वारिग कंपनीचं बोइंग ७३७ संध्याकाळी निघालं. विमानात ५४ माणसं. प्रवास तासाभराचाही नाही. जायची दिशा होती २७ अंश, म्हणजे उत्तरेच्या किंचित उजवीकडं. कंपनीच्या छापील आराखड्याचा नमुना काही काळापूर्वीच बदलला होता. आता दिशा चार आकड्यांत छापली जाई आणि शेवटचा आकडा दशांशाचा असे, पण मधे दशांशचिन्ह नाही. म्हणून २७.० अंश छापले गेले '०२७०' असे. कॅप्टननं ते वाचलं २७०, म्हणजे थेट पश्चिम!

सहवैमानिकानं स्वतः कागद पाहायला हवा होता. त्यानं कॅप्टननं लावलेला आकडा पाहिला आणि तोच आपल्याकडं लावला. विमान मावळत्या सूर्याकडं जात राहिलं. उत्तरेकडं जायचं असताना सूर्य समोर कसा, हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला नाही. बेलेम येईना. खाली काळोखं जंगल. तीन तासांहून अधिक भटकंतीनंतर इंधन संपलं आणि विमान झाडांच्या शेंड्यांवर उतरवावं लागलं. चाळीसहून अधिक माणसं वाचली, बाकीच्यांचा जीव गेला. वाचलेल्यांपैकी काहींनी जंगल तुडवत वस्ती गाठली, तेव्हा दोन दिवसांनी जगाला पत्ता लागला.

वैमानिकांची चूक होतीच. पण त्या चुकीला वाट करून दिली कागदाच्या मांडणीनं. म्हणून दिशेचा रकाना नेहमी तीनच आकड्यांचा असावा. सत्तावीस अंश लिहायचे ते '०२७' असेच. आणि तक्ता भरून झाल्यावर स्वतःला एक बाळबोध प्रश्न विचारावा. 'निघाल्यावर सूर्य कोणत्या बाजूला असेल?' ज्याला हे उत्तर देता येतं, तो ०२७ ला २७० कधीच समजणार नाही.

किलो की पौंड?

दुसरी हकिगत कॅनडातली, २३ जुलै १९८३ ची. शेवट मात्र गोड आहे. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधनाचे काटे बंद होते. म्हणून टाकीतलं इंधन मोजपट्टीनं पाहून कागदावर हिशेब केला गेला. विमान मेट्रिक मापांचं होतं. लागणार होतं २२,३०० किलो. पण लिटरचे किलो करताना गुणाकाराला जो आकडा घेतला, तो १.७७ होता. हा आकडा लिटरचे पौंड करण्याचा! किलोसाठी ०.८ च्या आसपासचा आकडा हवा होता. गुणाकार बरोबर, उत्तर बरोबर, फक्त माप चुकलं. विमानात २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड इंधन गेलं, म्हणजे हवं त्याच्या निम्म्याहूनही कमी.

एकेचाळीस हजार फुटांवर असताना संकटाची घंटा वाजली आणि थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवायचा अनुभव होता, म्हणून निभावलं. त्यांनी ते अवाढव्य विमान तरंगत आणून गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवलं. त्या दिवशी तिथं मोटारींच्या शर्यती चालू होत्या! विमानातल्या ६९ जणांपैकी एकही दगावलं नाही. 'गिमली ग्लायडर' म्हणून ते विमान जगप्रसिद्ध झालं.

आपल्या धुळ्याच्या मुलीला हे कशाला सांगायचं? कारण अमेरिकेत बनलेल्या शिकाऊ विमानाच्या पुस्तकात इंधन गॅलनमध्ये असतं आणि आपल्याकडं भरताना ते लिटरमध्ये मिळतं. अमेरिकन गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. तक्त्यात नुसतं 'इंधन' असं लिहिलेलं असेल, तर तो तक्ता अपुरा. रकान्याच्या डोक्यावर 'लिटर' किंवा 'गॅलन' ठळक लिहिलेलं हवं. आणि संपूर्ण कागदावर एकच माप हवं. आठवडी बाजारात शेर आणि किलो एकत्र आले, की काय गोंधळ होतो ते आपल्या आजीनं पाहिलेलं आहेच.

इंधनाचा रकाना एकच नसावा, हेही तितकंच खरं. वाटेला किती, उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंत किती आणि हात न लावायचं राखीव किती, असे तीन वेगळे आकडे हवेत. अमेरिकेतल्या नियमानं छोट्या विमानांना दिवसा किमान अर्ध्या तासाचं आणि रात्री पाऊण तासाचं इंधन राखीव धरावंच लागतं. विद्यार्थ्यानं त्याहून अधिक ठेवावं, यात काही भित्रेपणा नाही.

परदेशी तक्ता, देशी आकाश

बरेच विद्यार्थी अमेरिकन किंवा युरोपीय नमुने वापरतात. सुबक असतात, फुकट मिळतात. पण ते जसेच्या तसे घेऊ नयेत. आपल्याकडं एका विमानतळावरून दुसऱ्या विमानतळावर जायचं, तर हवाई संरक्षण यंत्रणेचा परवानगी क्रमांक लागतो, ज्याला 'एडीसी नंबर' म्हणतात. फ्लाइट इन्फर्मेशन सेंटरचाही क्रमांक लागतो. परदेशी तक्त्यात यांना जागाच नसते. मग विद्यार्थी ते तळहातावर नाहीतर नकाशाच्या कोपऱ्यात लिहितो आणि नेमक्या वेळी ते सापडत नाहीत.

उलट अडचण परदेशी शिकायला जाणाऱ्यांची. होकायंत्राची उत्तर आणि पृथ्वीची खरी उत्तर यांत फरक असतो. महाराष्ट्रात तो इतका किरकोळ आहे, की इथं शिकलेल्या मुलाला तो रकाना शोभेचा वाटू लागतो. पण न्यूझीलंडमध्ये हाच फरक वीस अंशांच्या आसपास जातो. आपल्याकडची पुष्कळ मुलं तिथं शिकायला जातात. मघाचा ठोकताळा लावा. वीस अंशांची चूक म्हणजे ६० मैलांवर वीस मैल! इथं सुटलेली सवय तिथं महागात पडेल. म्हणून फरक शून्य असला, तरी रकान्यात शून्य लिहावं. मोकळा सोडू नये. शून्य लिहिलं म्हणजे विचार केला. मोकळं सोडलं म्हणजे विसरलो की विचार केला, ते कळत नाही.

आणखी एक रकाना असा, की तो पुष्कळ तक्त्यांत नसतोच. उतरायच्या विमानतळाची ओळख. धावपट्टी कुठल्या दिशेची, किती लांब आणि शेजारी फसवणारी दुसरी धावपट्टी आहे का? विद्यार्थ्यांनाच हे लागतं असं नाही. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचं भलंमोठं डीसी-८ विमान मुंबईत सांताक्रूझऐवजी शेजारच्या जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरलं. दोन्ही धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या आणि एकमेकींपासून काही किलोमीटरच दूर. सुदैवानं जीवितहानी झाली नाही, पण विमान धावपट्टी ओलांडून पुढं गेलं आणि निकामी झालं. तक्त्याच्या तळाशी चार बोटांची मोकळी जागा असेल, तर तिथं विमानतळाचं छोटंसं चित्र काढावं. हातानं काढलेलं चित्र डोक्यात पक्कं बसतं.

टॅब्लेट असताना कागद कशाला?

हा प्रश्न आजची मुलं विचारणारच आणि तो चुकीचा नाही. टॅब्लेटवरच्या नकाशावर आपलं विमान सरकताना दिसतं. वारा, वेळ, इंधन क्षणोक्षणी बदलून मिळतं. मोठे वैमानिकही ते वापरतात. पण विमानाच्या काचेतून येणाऱ्या कडक उन्हात टॅब्लेट तापून बंद पडू शकतो, त्याची बॅटरी उतरू शकते. कागदाची बॅटरी उतरत नाही.

याहून मोठं कारण वेगळं आहे. पहाटे स्वतः पेन्सिलीनं गणित केलेल्या मुलीला वाट आधीच तोंडपाठ झालेली असते. चाळीसगाव अठरा, कन्नड पंचवीस, उजवीकडं देवगिरी. तिनं तो प्रवास मनानं एकदा केलेला असतो. यंत्र दाखवेल ते पाहणारा आणि काय दिसायला हवं हे ठाऊक असलेला, या दोघांत फरक आहे. यंत्राच्या चुकीची शंका दुसऱ्यालाच येते.

जुन्या लोकांकडं तर हेच होतं. जे. आर. डी. टाटा मुंबईच्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना भारतातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. याच क्लबनं पुढं धुळ्यातही वैमानिकांचं प्रशिक्षण सुरू केलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टपालाच्या थैल्या घेऊन एकटेच छोट्या पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले. रेडिओ नाही, वाट दाखवणारं यंत्र नाही. सोबत होती हिशेबाची सरकपट्टी. पुढं त्याच दशकात फिलिप डाल्टन या अमेरिकन माणसानं वैमानिकांसाठी गोल सरकपट्टीचा हिशेबयंत्र-तक्ता तयार केला. त्याचीच भावंडं आजही विद्यार्थ्यांच्या दप्तरात असतात. वाऱ्याचे दहा अंश त्यावरच निघतात.

पुन्हा त्या टेबलापाशी

साडेअकरा वाजलेत. लेकीनं चारही तक्ते बाजूला सारलेत. शाळेचाच नमुना घेऊन तिनं तो नव्यानं आखलाय, रकाने थोडे रुंद करून. 'इंधन' पुढं ठळक 'लिटर' लिहिलंय. तळाशी चिकलठाण्याचं चित्र काढलंय. आई समोर बसलीय. हातात लांबलचक तक्ता.

"वाच गं एकेक. मी बघते जुळतंय का."

"दिशा शून्य नाही, एक पाच नऊ."

"एक पाच नऊ. बरोबर."

"चाळीसगाव, अठरा मिनिटं."

"अठरा. आणि हा पुढचा रकाना मोकळाच आहे की!"

"तो वर गेल्यावर भरायचा."

आईला विमानातलं काही कळत नाही. पण आयुष्यभर महिन्याचा हिशेब लिहिलेल्या बाईला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. ठरवलेलं आणि झालेलं यांत फरक पडतोच. तो वेळेवर दिसावा म्हणून तर लिहायचं. परवा दुपारी तो कागद घडी पडलेला, घामानं ओला झालेला आणि सगळे रकाने भरलेला असा घरी परत येईल. त्या दिवशी आई तो टाकून देणार नाही. कपाटात, दागिन्यांच्या डबीखाली जपून ठेवेल.

तक्ता निवडताना एवढं पाहा

• दिशेचा रकाना तीन आकड्यांचा असावा. सत्तावीस अंश म्हणजे ०२७.

• नकाशावरच्या दिशेपासून होकायंत्रावरच्या दिशेपर्यंत प्रत्येक पायरीला स्वतंत्र रकाना असावा. फरक नसेल तर शून्य लिहावं.

• 'ठरलेली वेळ' आणि 'प्रत्यक्ष वेळ' शेजारी-शेजारी हवेत. दुसऱ्यात हिंदकळत्या विमानात लिहिता येईल इतकी जागा हवी.

• इंधन, अंतर, उंची यांच्या रकान्यांवर माप लिहिलेलं असावं. इंधनाचे वाटेचं, पर्यायी विमानतळाचं आणि राखीव असे तीन भाग करावेत.

• अंदाजातला वारा खऱ्या उत्तरेवरून मोजलेला असतो, टॉवर सांगतो तो होकायंत्राच्या उत्तरेवरून. कोणता वारा कुठं लिहायचा, हे तक्त्यातच नोंदवावं.

• चढाईचा वेग कमी असतो. पहिल्या टप्प्यात त्याचा वेळ आणि इंधन वेगळं धरावं.

• एडीसी आणि एफआयसी क्रमांक, रेडिओच्या फ्रिक्वेन्सी आणि धावपट्टीचं चित्र यांना जागा ठेवावी.

• मांडीवरच्या पाटीला बसेल असा आकार घ्यावा. हवेत पान उलटावं लागू नये.

• लाल शाई टाळावी. रात्री लाल दिव्याच्या उजेडात लाल अक्षरं दिसत नाहीत. पेन्सिल वापरावी, ती दोऱ्यानं पाटीला बांधावी आणि एक जादा जवळ ठेवावी.

• नवा तक्ता पहिल्यांदा एकट्यानं जाताना वापरू नये. शिक्षक शेजारी असताना एकदा वापरून पाहावा.